जड म्हणजे नेमकं किती?

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखऱ्यापुढे नाणेघाटाची वाट फुटते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे ट्रेकर्सची रांग असते. चढण संपवून माथ्यावर पोचलं की एक दगडी रांजण दिसतो आणि जवळजवळ प्रत्येक जण त्याच्याबरोबर फोटो काढतो. रांजणाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. सातवाहनांच्या काळात कोकणातून जुन्नरकडे जाणारे व्यापारी यात जकातीची नाणी टाकायचे, म्हणून हा नाणेघाट.

माथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण आहेत. संख्यासुद्धा अंकांत कोरल्या आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. फक्त जकातीचा दर त्यात नाही. रांजणाची गोष्ट लोकांनी तोंडी जपलेली आहे.

ती खरी धरली तरी एक साधा प्रश्न उरतो. नाणी टाकायची ती किती? बैलाच्या पाठीवर मिठाच्या दोन गोण्या असतील तर किती, कापडाचे गठ्ठे असतील तर किती आणि डोक्यावर पाटी घेऊन चढणाऱ्या माणसाला किती? कर घ्यायचा म्हटला की आधी मालाची वर्गवारी करावी लागते. हलकं काय, जड काय, महाग काय, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आणि ते ठरवतो दर लावणारा.

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांना समुद्र नाही. पण बंदराकडे जाणारा आणि बंदराकडून येणारा माल दोन हजार वर्षं यांच्याच अंगणातून चढतो-उतरतो आहे. मुरबाडच्या डोक्यावर नाणेघाट आणि माळशेज, शहापूरच्या डोक्यावर थळघाट. खाली आधी सोपारा आणि कल्याण, मग मुंबई, आता न्हावा शेवा. म्हणून ‘जड’ या शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलला, हे इथे उभं राहून चांगलं दिसतं.

डोक्यावरचं, खांद्यावरचं, गाड्यातलं

नाणेघाटाचं दरपत्रक हाती नसलं तरी प्राचीन भारतातलं एक दरपत्रक आपल्याकडे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. नद्या, तर आणि बंदरं त्याच्या ताब्यात. नावेतून पलीकडे जायचं तर काय भरायचं, याची तिथे यादी दिली आहे. लहान जनावर किंवा ओझं घेतलेला माणूस एक माषक. डोक्यावरचं ओझं, खांद्यावरचं ओझं, गाय किंवा घोडा दोन माषक. उंट किंवा म्हैस चार. छोटी गाडी पाच, बैलगाडी सहा, मोठा गाडा सात. मोठी नदी असेल तर दुप्पट. आजारी, म्हातारे, लहान मुलं आणि गर्भवती बायका यांना शुल्क माफ.

या यादीत तराजू नाही, हे लक्षात घ्या. ओझं किती शेर आहे हे कुणी विचारत नाही. ते कुणाच्या अंगावर आहे, एवढंच पाहिलं जातं. डोकं, खांदा, बैल, गाडा. नावाड्याला नजरेनं कळेल अशी ही मोजणी आहे. वाहणारं शरीर हेच इथे माप आहे.

त्याच सुमाराच्या जगात दुसरी पद्धतही होती. दुसऱ्या शतकातला एक ग्रीक पपायरस आज व्हिएन्नात आहे. केरळच्या मुझिरिस बंदरातून इजिप्तला गेलेल्या ‘हर्मापोलोन’ जहाजावरच्या मालाचा हिशेब त्यावर आहे. अख्खे हस्तिदंत वेगळे, तुकडे वेगळे आणि जटामांसीसारखं सुगंधी द्रव्य वेगळं लावून प्रत्येकाची किंमत काढली आहे. रोमन सरकार अशा मालावर चौथा हिस्सा कर घ्यायचं. इथे ओझं कुणाच्या पाठीवर आहे याला काहीच महत्त्व नव्हतं. बाजारातली किंमत हेच माप.

आपल्या कल्याणचं नावही त्याच जगातल्या एका पुस्तकात येतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकाच्या माहितीपुस्तकात सोपारा आहे, कल्याण आहे. कल्याण पूर्वी कायदेशीर व्यापाराची पेठ होती, पण पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो लिहितो. एका बंदराचा माल दुसऱ्या बंदराकडे वळवणं हे दर ठरवणाऱ्यांचं जुनं राजकारण आहे.

त्या राजकारणाचं मराठी उदाहरण १६७१ सालचं आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि त्यामुळे स्वराज्यातल्या मिठाचा खप बुडायची वेळ आली होती. तेव्हा शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला लिहून त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. गोणी तीच, वजन तेच, तरी एका गोणीला दर हलका आणि दुसरीला जड. दरपत्रक हे राज्याच्या धोरणाचा कागद असतं, हे त्या पत्रातून कळतं.

कसाऱ्याची चार वर्षं

आता शहापूरला येऊ. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५५ मध्ये रूळ वाशिंदला आले, १८६० मध्ये आसनगावला, १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. वर घाटमाथ्यावर इगतपुरीपासून नाशिककडचा मार्गही १८६१ मध्येच सुरू झाला. मधला थळघाट मात्र १ जानेवारी १८६५ पर्यंत पुरा झाला नाही.

ही चार वर्षं कोणती होती ते पाहा. १८६१ ते १८६५ हा अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ. अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच वेळी मुंबईच्या वाटेवर रुळांमध्ये घाटाएवढं भगदाड होतं. इगतपुरीला माल उतरवायचा, गाड्यांवर चढवायचा, बैलांनी घाट उतरायचा, कसाऱ्याला पुन्हा उतरवायचा, पुन्हा डब्यात भरायचा. वाहतुकीच्या धंद्यात आजही हेच सत्य आहे की माल धावत असताना कमी खातो आणि उचल-ठेव होताना जास्त. बाजार समितीत माल नेणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हमाली, तोलाई, वाराई हे शब्द त्याच्या पट्टीवर छापलेलेच असतात.

कापसाचा आणखी एक घोळ होता. आपल्याकडे खंडी म्हणजे वीस मण. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे खंडी ५६० पौंडांची. पण कापसाची खंडी वेगळी. ती ७८४ पौंडांची, म्हणजे तब्बल २८ मणांची. शब्द एकच, वजन दोन. ही कापसाची खंडी अजून मेलेली नाही. आजही बातम्यांत कापसाचे भाव ३५६ किलोंच्या खंडीमागे दिले जातात आणि ३५६ किलो म्हणजे तेच ७८४ पौंड.

मुरबाडच्या शेतकऱ्याला हा खेळ दुसऱ्या रूपात माहीत होता. त्याचं भात पायलीनं मोजलं जायचं, म्हणजे आकारमानानं. व्यापाऱ्याकडे गेलं की ते वजनात शिरायचं. पायली आणि मण यांच्यातल्या फटीत कुणाचा फायदा होतो, हे बहुतेक वेळा माप ज्याच्या हातात असेल त्यावर ठरायचं.

कापूस जड की लोखंड?

लहानपणीचं कोडं आठवतं ना, एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? बंदरात या कोड्याला खरंच अर्थ आहे. जहाजाला दोन मर्यादा असतात. किती वजन घेतलं तर ते धोक्याच्या रेषेपर्यंत बुडेल ही एक आणि पोटात जागा किती ही दुसरी. लोखंड वजन संपवतं, जागा रिकामी राहते. कापूस जागा संपवतो, वजन उरतं. म्हणून जहाजवाल्यांनी टनाचे दोन अर्थ केले. एक वजनाचा टन, दुसरा मापाचा टन, म्हणजे ४० घनफूट. जो जास्त भरेल त्यावर भाडं. आजही हाच नियम आहे, फक्त टनाबरोबर घनमीटर आलं आहे. ‘टन’ हा शब्दच मुळात दारूच्या मोठ्या पिंपावरून आला. जहाजात अशी किती पिंपं मावतात, यावरून त्याची कुवत सांगत.

मग कापूस स्वस्तात पाठवायचा उपाय काय? तो दाबायचा. गावाकडून अर्धवट दाबून आलेले गठ्ठे मुंबईत पुन्हा यंत्रात घालून आवळले जात. दाबलेल्या गासडीचं वजन तेच राहतं, पण ती जागा कमी खाते आणि भाडं उतरतं. मुंबईत हा धंदा केवढा होता ते एका कंपनीच्या नावावरून कळतं. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी’च्या नावात समुद्र भरून काढलेली जमीन आहे आणि कापूस दाबायचा प्रेसही.

धक्के, जमीन आणि प्रेस एकाच खासगी हातात गेले की दरही त्याच्याच हातात जातात. ही भीती मुंबई सरकारला वाटू लागली. १८७० मध्ये सरकारनं कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट आला. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, अशा गोद्या उभ्या राहिल्या.

गोदीचं दरपत्रक वाचायला रुक्ष असतं, पण त्याचा सांगाडा सोपा आहे. जहाजाकडून घ्यायचे पैसे वेगळे आणि मालाकडून घ्यायचे वेगळे. मालाकडून धक्का वापरल्याबद्दल वारफेज, क्रेन वापरली तर तिचं भाडं आणि माल ठरलेल्या दिवसांत उचलला नाही तर डेमरेज. कुठल्या मालाला टनावर, कुठल्याला घनमापावर, कुठल्याला नगावर, तर कुठल्याला किमतीच्या टक्केवारीवर. एकच नग फार जड असेल तर त्याचा दर वेगळा, कारण साधी क्रेन तो उचलू शकत नाही.

कौटिल्याच्या यादीशी हे ताडून पाहा. यात माल आहे, जागा आहे, यंत्र आहे, वेळ आहे. डोकं आणि खांदा मात्र गेले. गोदीतली हमाली थांबली होती म्हणून नाही. घाट उतरून मुंबईत आलेली माणसं ती करतच होती. त्यांना कामावर आणणारा तोलीवाला नावाचा कंत्राटदार होता. गोदीचा हिशेब टनांत चालायचा आणि त्या टनाखाली कोण उभा आहे, हे दरपत्रकाच्या कुठल्याच रकान्यात येत नव्हतं.

चुकीच्या शेजाराची किंमत

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या ८७०० कापसाच्या गासड्या. कापूस आणि स्फोटकं एकाच पोटात ठेवलेली. दुपारी कापसानं पेट घेतला. चारनंतर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो याच दिवसामुळे.

दरपत्रकात कापूस म्हणजे वजनाला हलका, जागा खाणारा, बिनधोक माल. त्या दिवशी तो जहाजावरचा सर्वांत महाग पडलेला माल ठरला. मालाची वर्गवारी पैसे घेण्यासाठी केली की ती किमतीपुरतं आणि जागेपुरतं बोलते. कोण कुणाच्या शेजारी ठेवायचं, कुठे उतरवायचं, कधी सगळं सोडून पळायचं, हे सांगणारी वर्गवारी वेगळी लागते. आज कंटेनरवर दिसणारे चौकोनी रंगीत शिक्के, ज्वालाग्राही, विषारी, स्फोटक, हे त्या दुसऱ्या वर्गवारीचे आहेत.

एक टन, आणि तो लिहायचा

‘जड’ या शब्दाची माणसाच्या बाजूनं केलेली पहिली स्पष्ट व्याख्या जिनिव्हात झाली. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं एक छोटासा करार केला. जलमार्गानं जाणारा कुठलाही नग १००० किलो किंवा त्याहून जास्त असेल, तर जहाजावर चढवण्याआधी त्याचं एकूण वजन बाहेरून ठळक, न पुसणाऱ्या अक्षरांत लिहायचं. बस, एवढंच. भारतात स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये अवजड नगांवर वजन लिहिण्याचा स्वतंत्र कायदा झाला.

किती साधी गोष्ट! पण क्रेन चालवणाऱ्याला पेटी पाहून आत काय आहे ते कळत नाही. तीन टन उचलणाऱ्या दोरखंडाला पाच टनांची पेटी लावली तर दोरखंड तुटतो आणि खाली माणूस असतो. हा आकडा त्या माणसासाठी आहे. भाडं ठरवायला मालकाकडे त्याची कागदपत्रं असतातच.

जमिनीवरच्या ओझ्याला कायद्यानं माणूस मानायला आणखी वेळ लागला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतल्या हमालांची संघटना बांधली. डोक्यावर ओझं वाहतो तो माथाडी, म्हणजे कौटिल्याच्या यादीतला ‘डोक्यावरचं ओझं’वालाच. १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. टोळी नोंदली जाऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि मालकाला मजुरीवर लेव्ही भरावी लागली. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी. आता दराच्या बोलणीत गोणीचं वजन आलं आणि ती किती लांब न्यायची, थप्पी किती उंच लावायची हेही आलं. पूर्वीच्या ज्यूटच्या पोत्यात क्विंटलभर माल यायचा. आज सिमेंटची गोणी ५० किलोंची असते. तरी ५० किलो म्हणजे अर्धी किंमत आणि अर्धं दुखणं असा सरळ हिशेब मानेचा नसतो. गोणी निम्मी झाली तर फेऱ्या दुप्पट होतात.

पेटीचा जमाना

१९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरनं वर्गवारीच उलटवली. आत कापूस आहे की लोखंड, याच्याशी पेटी उचलणाऱ्या क्रेनला देणंघेणं नाही. उचलायचा दर प्रामुख्यानं पेटीच्या लांबीवर ठरू लागला: वीस फुटी, चाळीस फुटी, भरलेली, रिकामी. धोकादायक माल आणि पेटीत न मावणारे अवाढव्य नग तेवढे वेगळे. मोठ्या सरकारी बंदरांचे दर ठरवायला १९९७ मध्ये केंद्रानं प्राधिकरण नेमलं. २०२१ च्या नव्या कायद्यानं तो अधिकार पुन्हा बंदरांच्या मंडळांकडे गेला.

पेटी बंद झाल्यावर वजन सांगणं उरलं पाठवणाऱ्याच्या जिभेवर. आणि जीभ सोयीची असते. २००७ च्या जानेवारीत ‘एमएससी नेपोली’ हे मोठं कंटेनर जहाज वादळात फुटून इंग्लंडच्या किनाऱ्याला लावावं लागलं. चौकशीत त्याच्या डेकवरचे कंटेनर तोलले, तेव्हा सुमारे पाचातल्या एकाचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. अशा घटनांचा धडा घेऊन १ जुलै २०१६ पासून जगभर नियम आला की भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढणार नाही. सगळा कंटेनर काट्यावर चढवा, किंवा आतला प्रत्येक नग तोलून त्यात रिकाम्या पेटीचं वजन मिळवा. या दोनच पद्धती मान्य आहेत. अंदाज चालत नाही.

हा नियम बंदराच्या फाटकावर पाळला जात असला तरी त्याची सुरुवात माल जिथे भरतात तिथे होते. वाशिंदला पोलादी पत्र्याचा कारखाना आहे, मुरबाडला एमआयडीसी आहे, शेजारी भिवंडीची गोदामं आहेत. पत्र्याची एकेक कॉइल कित्येक टनांची. ती ट्रेलरवर नीट साखळली नाही, किंवा कागदावर तिचं वजन कमी दाखवलं, तर धोका बंदरात पोचण्याआधीच सुरू होतो; वळणावर, उतारावर, पुढच्या दुचाकीवाल्याच्या मागे. कसाऱ्याला आजही घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जोड इंजिनं लावावी लागतात, कारण चढाला खोटं सांगता येत नाही. चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे आणि तो गाडीचं खरं वजनच मोजतो.

दोन हजार वर्षांत मोजमाप डोक्यावरून गाड्यावर, गाड्यावरून टनावर, टनावरून पेटीवर गेलं. दर वेळी हिशेब सोपा झाला आणि वाहणारा माणूस थोडा आणखी दिसेनासा झाला. मग कुठेतरी दोरखंड तुटला, जहाज फुटलं, बाजार बंद पडला आणि त्याला पुन्हा यादीत घ्यावं लागलं. १९२९ चा करार, १९५१ आणि १९६९ चे कायदे, २०१६ चा नियम या अशाच उशिरा केलेल्या नोंदी आहेत. पेटीवर खरं वजन लिहिल्यानं पाठवणाऱ्याचा एक रुपयाही वाचत नाही. तो आकडा क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या, ट्रेलर हाकणाऱ्या आणि खाली उभं राहून हात हलवणाऱ्या माणसासाठी असतो. पाठवणाऱ्याची आणि त्याची बहुधा कधीच भेट होणार नसते.